पिकलबॉलमुळे दुखणारा खांदा: नव्या खेळाडूंनी पायरी-पायरीने काय करावे

पिकलबॉल, म्हणजे पॅडलने प्लॅस्टिकचा चेंडू जाळ्यापलीकडे मारण्याचा खेळ, लवकर जमतो, आणि खांदा दुखण्याचे मूळ पुष्कळदा याच गोष्टीत असते. टेनिसमध्ये चेंडू जाळ्यापलीकडे धड जायलाच महिना-दोन महिने लागतात आणि त्या काळात हात, पाठ व पाय यांना हळूहळू सवय होत जाते. पिकलबॉलमध्ये पहिल्याच दिवशी रॅली, म्हणजे चेंडूची लागोपाठ देवाणघेवाण, जमते, दुसऱ्या दिवशी डबल्समध्ये जागा मिळते आणि पंधरवड्यात माणूस रोज दीड-दोन तास कोर्टवर असतो. मन रमलेले असते, दमही पुरत असतो. परंतु ज्या खांद्याने गेली कित्येक वर्षे माळ्यावरचा डबा काढण्यापलीकडे डोक्यावरचे काम केलेले नसते, त्याला एवढ्या वेगाने तयार होता येत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत चाळिशी-पन्नाशी ओलांडल्यावर हा खेळ हाती घेणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी हा लेख आहे. त्यांच्यापैकी कोणी कॉलेजात बॅडमिंटन खेळलेले असते, कोणी तालमीत घाम गाळलेला असतो, कोणी लष्करातून निवृत्त झालेले असते, तर कोणाच्या हातात आयुष्यात पहिल्यांदाच पॅडल आलेले असते. या सर्वांना मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. पडणे किंवा जोराचा हिसका बसणे सोडले, तर खांदा एका फटक्याने क्वचितच बिघडतो. खेळ ज्या वेगाने वाढवला त्या वेगाने तो बिघडतो, आणि भार मोजूनमापून वाढवला की बहुतेकांचा सुधारतोही. म्हणून दुखणे अंगावर काढत खेळत राहणे जितके चुकीचे, तितकेच हात गळ्यात बांधून महिनाभर स्वस्थ बसणेही चुकीचे आहे.

हलक्या चेंडूने खांदा कसा दुखतो

पिकलबॉलचा भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू सुमारे 25 ग्रॅमचा असतो आणि पॅडल साधारण 200 ते 240 ग्रॅमचे. एवढ्याशा वजनाने खांदा का दुखावा, असे अनेकांना वाटते. खरा भार आपल्याच हाताचा असतो. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या सुमारे 5 टक्के भरतो, म्हणजे 70 किलो वजनाच्या माणसाचा हात साडेतीन किलोच्या आसपास असतो. स्मॅश मारताना हा साडेतीन किलोचा हात जोराने पुढे फेकला जातो आणि चेंडू सुटल्यानंतर खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंना तो आवरावा लागतो. तासाभरात हे किती वेळा होते याचा हिशोब आपण ठेवत नाही, खांदा मात्र ठेवतो.

खांद्याची रचना थोडी समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे जाते. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा आहे आणि फऱ्याच्या, म्हणजे पाठीवरच्या खांद्याच्या पात्याच्या, हाडावर त्याला बसायला असलेली खोबण उथळ आहे, बशीत ठेवलेल्या चेंडूसारखी. त्यामुळे हात चहूकडे फिरतो, पण गोळा जागेवर धरून ठेवण्याचे बरेचसे काम चार लहान स्नायूंवर पडते. या चौघांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मिळून गोळ्याभोवती जे आवरण तयार होते त्याला रोटेटर कफ म्हणतात. त्यातली वरची कंडरा खांद्याच्या माथ्यावरच्या हाडाखालच्या अरुंद जागेतून जाते आणि तिच्यावर बर्सा नावाची पातळ पिशवी असते. पिकलबॉल खेळणाऱ्यांत नेहमी दिसणारे दुखणे या कंडरेचे आणि या पिशवीचे आहे.

हात पूर्ण वर नेताना फक्त खांद्याचा सांधा हलत नाही. वर जाणाऱ्या 180 अंशांपैकी साधारण 120 अंश सांध्यात होतात आणि उरलेले 60 अंश फरा पाठीवर सरकल्यामुळे मिळतात. दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर, संगणकापुढे किंवा शिलाई मशीनवर वाकून बसल्याने पाठ पोक काढून आखडली असेल, तर फरा पुरेसा सरकत नाही आणि त्याची भरपाई सांध्याला करावी लागते. म्हणून खांद्याच्या उपचारात पाठीचा व्यायाम येतो. तो अवांतर आहे असे समजून टाळू नये.

पहिली पायरी: दुखणे कुठे आहे आणि केव्हा होते ते पाहा

आरशासमोर उभे राहून दोन्ही हात बाजूने हळूहळू वर न्यावेत. हात कमरेपासून थोडा वर गेल्यावर कळ सुरू होत असेल, खांद्याच्या उंचीच्या मागेपुढे, म्हणजे साधारण 60 ते 120 अंशांच्या दरम्यान, ती सर्वांत जास्त असेल आणि त्यापुढे हात वर गेल्यावर कमी होत असेल, तर रोटेटर कफच्या कंडरेकडे संशय जातो. हे दुखणे बहुधा दंडाच्या बाहेरच्या अंगाला जाणवते, त्यामुळे पुष्कळ जण दंडालाच मलम चोळत राहतात. शर्टाची बाही घालताना, ब्लाउजचा हूक लावताना, मोटारीत मागच्या सीटवरची पिशवी ओढताना आणि रात्री त्या कुशीवर वळताना चमक येते.

खांद्याच्या पुढच्या बाजूला, दंडाच्या बेडकीच्या वरच्या टोकाशी दुखत असेल आणि जड पिशवी उचलताना किंवा खालून वर जोरात ड्राइव्ह, म्हणजे सरळ वेगाचा फटका, मारताना वाढत असेल, तर बायसेप्सची कंडरा चिडलेली असू शकते. खांद्याच्या अगदी माथ्यावर एका बोटाने दाखवता येईल असे दुखणे, जे हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे नेताना वाढते, ते गळपट्टीचे हाड आणि फरा जिथे मिळतात त्या छोट्या सांध्याचे असते.

दुखणे कोपराच्या खाली उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील आणि मान वळवल्यावर त्यात फरक पडत असेल, तर मूळ खांद्यात नसून मानेत असण्याचा संभव मोठा आहे. अशा वेळी खांद्याचे व्यायाम करत बसण्यात वेळ जातो.

आणखी एक तपासणी मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिने एक वेगळाच आजार लवकर लक्षात येतो. दोन्ही कोपरे बरगड्यांना चिकटवून काटकोनात वाकवावीत आणि मुठी बाहेरच्या दिशेला उघडाव्यात. चांगला हात बाहेर जातो आणि दुखरा हात जवळजवळ समोरच अडतो, दुसऱ्याने धरून फिरवला तरी पुढे जात नाही, असे असेल तर तो आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर असू शकतो. हा विकार साधारण 40 ते 60 या वयात होतो, स्त्रियांत अधिक आढळतो आणि मधुमेह किंवा थायरॉईडचा त्रास असणाऱ्यांत त्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त असते. तो खेळामुळेच होतो असे नाही. खेळताना तो फक्त लक्षात येतो. तो बरा व्हायला महिने, कधी दोन-तीन वर्षेही लागतात आणि त्याचा उपचार कंडरेच्या दुखण्यापेक्षा वेगळा आहे. असा खांदा आढळल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. काही जणांना आपल्या मधुमेहाचा पत्ता याच वाटेने लागतो.

दुसरी पायरी: कोणते दुखणे घरी ठेवायचे नाही

छातीत जडपणा, घाम, धाप, मळमळ यांच्यासोबत डावा खांदा, हात किंवा जबडा दुखू लागला आणि खांदा हलवल्याने त्या दुखण्यात काहीच फरक पडत नसेल, तर ते हृदयाचे समजून खेळ तत्काळ थांबवावा आणि 108 वर फोन करावा. पन्नाशीच्या खेळाडूंनी हे पाठच करून ठेवावे. थोडे पाणी पिऊन पाहू, जरा बसून पाहू, असे म्हणण्यात वेळ घालवू नये.

कोर्टवर पडल्यानंतर खांद्याची गोलाई जाऊन तो चौकोनी दिसू लागला आणि हात हलवता येत नसेल, तर सांधा निखळलेला असू शकतो. आपल्याकडे अशा वेळी कोणीतरी चटकन पुढे होते आणि हात ओढून खांदा बसवून देतो म्हणते. तालमीतल्या वस्तादांच्या आणि हाडवैद्यांच्या हाताला गुण आहे असे मानणाऱ्यांच्या भावनेचा मला आदर आहे, परंतु एक्स-रे काढल्याशिवाय ओढलेल्या हाताचे मोडलेले हाड सरकू शकते आणि काखेजवळून जाणाऱ्या शिरांना व मज्जातंतूंना इजा होऊ शकते. उपरणे किंवा ओढणी गळ्यात बांधून हात आहे त्या स्थितीत आधाराला ठेवावा आणि रुग्णालय गाठावे.

तिसरी गोष्ट अशी की, पडल्यावर किंवा एखाद्या फटक्यात कट असा आवाज आल्यावर हात स्वतःच्या जोराने वर जात नसेल, पण दुसऱ्याने उचलला तर जात असेल, तर कंडरा फाटल्याची शक्यता धरावी. अस्थिरोगतज्ज्ञाला काही दिवसांच्या आत दाखवावे. ताजी, इजेमुळे फाटलेली कंडरा शिवायची असेल तर उशीर परवडत नाही, कारण कालांतराने ती आक्रसते आणि स्नायू वाळत जातो. याशिवाय ताप, सांध्याला लाली व सूज, कारणाशिवाय वजन घटणे, किंवा कोणत्याच स्थितीत न थांबणारा रात्रीचा ठणका असेल, तरी डॉक्टरांकडे जायला थांबू नये.

बेळगावात बिम्स आणि केएलई यांसारखी मोठी रुग्णालये आहेत. अथणी-कागवाडकडचे लोक पूर्वापार मिरजेला आणि निपाणीकडचे कोल्हापूरला जातात. कुठेही गेलात तरी दुखणे केव्हा सुरू झाले, त्याआधीच्या महिन्यात खेळ किती वाढला होता आणि कोणत्या हालचालीला कळ येते, हे कागदावर लिहून न्यावे. तपासणारी व्यक्ती मराठी न बोलणारी असली, तरी कुठे आणि केव्हा दुखते हे हात हलवून दाखवता येते, आणि पुष्कळदा तेवढ्यावर निदान होते.

तिसरी पायरी: पहिला आठवडा

वरील धोक्याची चिन्हे नसतील, तर पहिले पाच-सात दिवस चिडलेली कंडरा शांत होऊ द्यावी. स्मॅश, जोराची सर्व्ह आणि डोक्यावरची सगळी कामे थांबवावीत, पण हात वापरणे बंद करू नये. जेवणे, आंघोळ, लिहिणे, खांद्याखालची घरकामे चालू ठेवावीत. कपडे वाळत घालायची दोरी उंच असेल तर काही दिवस ती खाली बांधावी किंवा ते काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावे.

फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा ठेवल्याने ठणका कमी होतो. ज्यांना खांदा ताठरल्यासारखा वाटतो त्यांना गरम पाण्याच्या पिशवीने बरे वाटते, तीही चालते. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. कळ येईल इतके रगडणे आणि हात पिळणे मात्र टाळावे.

झोपेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण रात्रीची झोपमोड झाली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणे जास्त वाटते. दुखऱ्या कुशीवर झोपू नये. चांगल्या कुशीवर झोपून छातीशी एक उशी धरावी आणि दुखरा हात तिच्यावर टेकवावा. उताणे झोपायचे असेल तर कोपराखाली घडी केलेली चादर ठेवावी, म्हणजे दंड मागे लोंबकळत नाही.

गोळ्यांबाबत सावध राहावे. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पण तीही ठरलेल्या मात्रेतच घ्यावी. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून सहज मिळतात, तथापि मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब, पोटातील अल्सर असणाऱ्यांनी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. खेळायला जाण्याआधी गोळी घेण्याची सवय तर कोणीच लावून घेऊ नये. गोळीने कळ झाकली जाते, भार तेवढाच राहतो, आणि थांबण्याची सूचना देणारी एकमेव गोष्ट आपण स्वतःच्या हाताने बंद करून टाकतो.

चौथी पायरी: व्यायाम

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आला. कंडरेला विश्रांतीने आराम मिळतो, पण बळ भार दिल्यानेच येते, आणि त्याला वेळ लागतो. साधारण 6 ते 12 आठवडे धरून चालावे. दोन आठवड्यांत दुखणे कमी झाले म्हणून व्यायाम सोडणारेच पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात.

व्यायाम करताना दुखण्याला 0 ते 10 असे गुण द्यावेत. 3 पर्यंतचे दुखणे चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा आदल्या सकाळइतकाच असला पाहिजे. सकाळी तो जास्त दुखत असेल तर काल भार जास्त झाला, असा सरळ अर्थ घ्यावा आणि पुढच्या वेळी कमी करावा. मला हा नियम कोणत्याही तक्त्यापेक्षा उपयोगी वाटतो, कारण तो ज्याच्या-त्याच्या खांद्याप्रमाणे बदलतो.

पहिल्या दिवसापासून करता येण्यासारखा व्यायाम म्हणजे झुलता हात. चांगला हात स्वयंपाकाच्या कट्ट्यावर टेकून कमरेत वाकावे, दुखरा हात सैल लोंबू द्यावा आणि अंग हलकेच डोलवत हाताला लहान गोल फिरू द्यावे. एक-दोन मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा पुरे. त्याच्या जोडीला भिंतीसमोर उभे राहून बोटे भिंतीवर चालवत हात सोसेल तितका वर न्यावा आणि तसाच खाली आणावा.

दुसरा व्यायाम हात न हलवता जोर लावण्याचा आहे. दाराच्या चौकटीच्या बाजूला उभे राहून कोपर बरगडीला चिकटवावे, ते काटकोनात ठेवावे आणि मनगटाची बाहेरची बाजू चौकटीवर दाबावी. पूर्ण जोराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच जोर लावून तो 30 ते 45 सेकंद धरावा, मग मिनिटभर थांबावे, असे चार-पाच वेळा करावे. सांधा हलत नसल्याने हा व्यायाम दुखऱ्या खांद्यालाही सोसतो आणि बऱ्याच जणांना त्यानंतर काही वेळ दुखणे कमी वाटते.

आठवडा-दीड आठवड्यात हे सोसू लागले की रबरी पट्टा घ्यावा. थेराबँड या नावाने तो खेळाच्या साहित्याच्या दुकानात मिळतो. त्याचे एक टोक खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधावे, चांगला हात खिडकीच्या बाजूला येईल असे उभे राहावे आणि दुखऱ्या बाजूचे कोपर व बरगडी यांच्यामध्ये गुंडाळलेला छोटा टॉवेल धरावा. हा टॉवेल अनेकांना अनावश्यक वाटतो, पण तो खाली पडला की कोपर शरीरापासून सुटले आणि खांद्याऐवजी पाठ काम करू लागली, हे लगेच कळते. आता पट्टा धरलेली मूठ पोटापासून बाहेर न्यावी आणि मनात तीनपर्यंत मोजत सावकाश परत आणावी. परत आणण्याचा सावकाशपणा सोडू नये; स्मॅशनंतर हात आवरण्याचे जे काम मागचे स्नायू करतात, त्याचीच ही तालीम आहे. 10 ते 12 वेळांचे तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस, एका दिवसाआड करावेत.

त्याच पट्ट्याची दोन्ही टोके धरून कोपरे मागे ओढावीत आणि दोन्ही फरे एकमेकांजवळ आणावेत. फरे मागे आणि थोडे खाली जावेत, कानांकडे चढू नयेत. तालमीत वाढलेल्यांना जोर-दंडांची सवय असते, पण दंडांनी छाती आणि खांद्याची पुढची बाजू अधिक कमावली जाते. मागे ओढण्याची ताकद त्यांच्याकडेही अनेकदा कमी आढळते. दुखऱ्या खांद्याने जमिनीवरचे दंड सध्या करू नयेत आणि मुद्गल फिरवणेही थांबवावे. त्याऐवजी भिंतीवर हात टेकून दंड काढावेत, आणि प्रत्येक वेळी हात सरळ झाल्यावर भिंत आणखी थोडी पुढे ढकलून फरे पसरू द्यावेत. हे सोपे झाले की कट्टा, मग खुर्ची आणि शेवटी जमीन, असा क्रम ठेवावा.

ताण देण्याचे व्यायाम थोडक्यात सांगता येतील. दुखरा हात छातीवरून आडवा नेऊन दुसऱ्या हाताने हलकेच ओढून 30 सेकंद धरावा, मात्र खांद्याच्या माथ्यावर कळ येत असेल तर हा ताण सोडून द्यावा. खुर्चीवर ताठ बसून हात छातीवर घडी घालावेत आणि पाठ दोन्ही बाजूंना वळवावी, म्हणजे पाठीचा ताठरपणा सुटतो.

पाचवी पायरी: खेळातल्या सवयी बदला

पिकलबॉलचे कोर्ट 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद असते, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढेच. त्यामुळे बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पट्ट्या ओढून हा खेळ सहज मांडता येतो आणि बॅडमिंटन खेळलेल्यांचे हातही त्याच सवयीने चालू लागतात. बॅडमिंटनचे जाळे पाच फूट उंच असते, पिकलबॉलचे मध्यभागी 34 इंच. इथे गुण मिळवायला हात सतत डोक्यावर जाण्याची गरजच नाही. जाळ्यालगतचा सात फुटांचा पट्टा, ज्याला सगळे किचन म्हणतात, त्याच्या काठावर उभे राहून खेळलेले डिंक, म्हणजे जाळ्यापलीकडे हलकेच टाकलेले चेंडू, पूर्णपणे खांद्याच्या उंचीखाली होतात. जुना बॅडमिंटनपटू जर मनगटाच्या जोरावर प्रत्येक उंच चेंडू झोडपत असेल, तर त्याने खेळाचा हा खालचा भाग मनापासून शिकावा. त्याचा खांदा वाचेल आणि खेळही सुधारेल.

सर्वांत जास्त त्रास डोक्यावरून मागे जाणाऱ्या लॉबने होतो. तो क्षण नीट पाहिला तर कारण दिसते. चेंडू डोक्यावरून जातो, पाय जागेवरच राहतात, कंबर मागे वाकते, कोपर कानाच्या मागे जाते आणि त्या अडचणीच्या कोनातून माणूस पूर्ण जोराने फटका मारतो. पलीकडून जोडीदार ओरडत असतो, "काका, सोडा की तो बॉल!" आणि तो सोडणेच योग्य असते. मारायचाच असेल तर आधी अंग आडवे वळवावे, पाय हलवून चेंडूच्या मागे पोहोचावे आणि चेंडू खांद्याच्या थोडा पुढे असताना मारावा. तोंड जाळ्याकडे ठेवून उलट्या पावलांनी धावणे तर कायमचे सोडावे. त्यात माणूस मागे पडतो, हात जमिनीवर टेकतो आणि मनगट, खांदा, कधी डोके, सगळ्यालाच धोका पोहोचतो.

सर्व्ह कमरेखालून मारायची असल्याने ती खांद्याला निरुपद्रवी वाटते. पण नुसत्या हाताने झटका देऊन मारली तर खांद्याची पुढची बाजू दुखते. मागच्या पायावरून पुढच्या पायावर वजन नेत आणि कंबर वळवत मारल्यास हाताला फारसे काही करावे लागत नाही. बॅकहँडला पोहोचताना खांद्यात चमक येत असेल, तर दोन हातांचा बॅकहँड शिकून घ्यावा.

पॅडल उसने घेऊन खेळणाऱ्यांनी त्याची मूठ तपासावी. गुळगुळीत झालेली, घामाने निसटणारी मूठ माणूस नकळत आवळून धरतो, आणि आवळलेल्या मुठीबरोबर खांद्यापर्यंतचा सगळा हात ताठ होतो. नवी ग्रिप गुंडाळायला खर्च थोडा येतो. पॅडल धरल्यावर बोटांची टोके आणि तळहात यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी बसावी, इतकी मूठ जाड असावी. खांदा दुखत असताना जड किंवा टोकाकडे वजन असलेले पॅडल वापरू नये.

खेळण्यापूर्वी 8-10 मिनिटे अंग गरम करावे. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या सकाळी चांगलाच गारठा असतो, तेव्हा स्वेटर अंगात ठेवूनच जलद चालावे, हात फिरवावेत, पट्टा दहा-बारा वेळा ओढावा आणि पहिली पाच मिनिटे फक्त डिंक खेळावेत.

सहावी पायरी: पुन्हा कोर्टवर

रात्रीची झोप दुखण्याने मोडत नाही, हात जवळजवळ पूर्ण वर जातो आणि पट्टा ओढताना दुखणे 3 च्या वर जात नाही, अशी स्थिती आली की खेळ सुरू करावा. पहिल्या आठवड्यात एका दिवसाआड 20 मिनिटे फक्त डिंक. ते सोसले तर दुसऱ्या आठवड्यात मागच्या रेषेवरून हलके ड्रॉप, म्हणजे जाळ्याजवळ अलगद पडणारे फटके, आणि अर्ध्या जोराची सर्व्ह. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ड्राइव्ह आणि एखाद-दुसरा गेम, पण लॉब जोडीदाराने घ्यायचा असे आधीच ठरवून. स्मॅश सर्वांत शेवटी: आधी अर्ध्या जोराचे दहा, मग एक दिवस विश्रांती, मग खांदा सकाळी काय सांगतो ते पाहून पुढचे. कोणत्याही टप्प्यावर दुखणे वाढले तर सगळे न सोडता एकच टप्पा मागे यावे.

सहा आठवडे नेटाने व्यायाम करूनही काहीच फरक नसेल, तर तज्ज्ञाकडे जावे. एमआरआयचा अहवाल हाती आला की लोक घाबरतात, म्हणून एवढे सांगणे आवश्यक आहे की पन्नाशीनंतर अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांतही कंडरा अंशतः फाटलेली दिसते. अहवालातला शब्द आणि प्रत्यक्ष हाताची ताकद यांचा मेळ घालूनच निर्णय व्हावा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे चांगला आराम मिळू शकतो आणि त्या काळात व्यायाम सोपा जातो. परंतु मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, आणि इंजेक्शन घेऊन लगेच सामन्याला उतरणे धोक्याचे आहे.

आपल्या भागाचा एक विशेष धोका हंगामाचा आहे. खानापूरकडे आणि शहरातही जून ते सप्टेंबर पाऊस लागून राहतो, उघडी कोर्टे ओली असतात, खेळ जवळजवळ बंद पडतो. आणि दसऱ्याच्या सुमारास आकाश मोकळे झाले की तेच लोक एकदम रोज खेळू लागतात, त्यातच एखादी स्पर्धा आली तर एका दिवसात चार-पाच सामने होतात. तीन-चार महिने रिकाम्या राहिलेल्या खांद्याला हे झेपत नाही. पावसाळ्यात घरातल्या खिडकीला पट्टा बांधलेलाच ठेवावा, आठवड्यातून दोन दिवस वरचे व्यायाम चालू ठेवावेत, आणि ऑक्टोबरमध्ये पहिले दोन आठवडे एका दिवसाआडच, तेही तासाभराच्या आतच खेळावे.